जस्ताचं ऑइल

आमची गाडी नवरदेवाची होती. लग्नाच्या दिवशी नवरदेवाला मारुतीच्या देवळात न्यायचं आणि तिथून मिरवत मंडपापर्यंत आणायचं, एवढंच तिचं काम. पांढरी, गोल पाठीची, पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी. अशा गाड्या आता कोणी बनवत नाही, पण नवरदेव मिरवायला लोकांना हीच लागते. आमच्या ह्यांनी ती एका म्हाताऱ्या वकिलाकडून घेतली होती. पत्रा ठोकून, रंग देऊन, आत लाल मखमल लावून त्यांनी ती उभी केली, आणि तेव्हापासून चौदा वर्षं आमचं घर तिच्यावर चाललं. मी सातपूरला ऑइलच्या दुकानाच्या गोदामात कामाला जाते. झाडायचं, डबे पुसायचे, खोकी लावायची. माझा पगार वरखर्चाला पुरायचा. चूल पेटायची ती गाडीवर.

नवरदेवाची गाडी पळत नाही, रांगते. पुढे बँड, मध्ये नाचणारे, मागे गाडी. दहा पावलं जायचं आणि थांबायचं. कोणाचा मामा रुसला की अर्धा तास जागेवर. तीन तीन तास इंजिन चालू आणि गाडी गेलेली असते एक गल्ली. लोकांना वाटतं, पळणारी गाडी झिजते आणि उभी गाडी चांगली राहते. मिस्तरी म्हणायचे, जुन्या इंजिनाचं उलटं असतं, ते उभ्या उभ्या झिजतं.

मिस्तरी म्हणजे आमच्या ह्यांचे दोस्त. सटाण्याकडचे. तरुणपणी एका कारखान्यात लागायला म्हणून नाशिकला आले, ते सातपूरच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड टाकून बसले. जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम करणारे आमच्या भागात ते एकटेच उरले होते. नवरदेवाच्या जितक्या गाड्या बँडवाल्याच्या दुकानासमोर उभ्या राहायच्या, त्या सगळ्या त्यांच्याच हाताखालून जायच्या. आमच्या गाडीचं काम असलं की ते आमच्या दारातच करायचे. हे बॅटरी धरून उभे राहायचे, मी चहा द्यायची. ह्यांना ऐकायचा कंटाळा. ते म्हणायचे, तू दुरुस्त कर, कीर्तन नको करू. मग मिस्तरी माझ्याकडे बघून सांगायचे. मी कधी काही विचारलं नाही, पण ऐकायची सगळं, आणि ते त्यांना कळायचं.

एकदा त्यांनी एक काढून टाकलेला कॅम माझ्या हातात दिला होता. लोखंडाचा दांडा, त्याला अंड्यासारखे उंचवटे.

"वहिनी, हाई बघा. हा शेंडा फिरतो आणि वरच्या टॅपेटच्या, झडप उचलणाऱ्या तुकड्याच्या, बुडावर घासतो. रोलर नाही, बेअरिंग नाही, नुसता लोखंडावर लोखंड. इतका दाब की ऑइल तिथून पळून जातं. मग मध्ये राहतं काय?"

मी मान हलवली, माहीत नाही म्हणून.

"जस्त," ते म्हणाले. "ऑइलमध्ये जस्ताचं औषध घालतात. ते गरमीनं लोखंडावर बसतं, साय धरल्यासारखं. मग झिजते ती साय, लोखंड नाही झिजत."

नव्या गाड्यांत त्या जागी चाक असतं, ते घासत नाही, फिरतं. शिवाय नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी जाळी असते, ती ह्या औषधानं खराब होते. म्हणून नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी घालतात, असं त्यांनी सांगितलं. ते ऑइल महाग असतं, चांगलंही असतं, पण आपल्या गाडीला ते विष. आपल्याला ट्रक-ट्रॅक्टरचं जाडं ऑइल, त्यात जस्त भरपूर. हे त्यांनी मला दोन-तीनदा तरी सांगितलं असेल, कारण ऑइल आणायची मी.

आमच्याकडे ऑइल बदलायचं ते दसऱ्याला. गाडी किती चालली ते ह्यांनी कधी बघितलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुनं ऑइल काढायचं, नवं ओतायचं, गाडी धुवायची आणि सकाळी झेंडूची माळ घालून पूजा करायची. ह्यांच्या वडिलांचा टांगा होता, ते दसऱ्याला चाकांना वंगण घालायचे. तेच ह्यांनी गाडीला लावलं. मी दुकानातून आमचे दोन पांढरे कॅन भरून आणायची, ट्रकचं सुटं ऑइल, ड्रममधलं. एक कॅन दसऱ्याला, दुसरा लग्नसराईच्या मध्यावर. दुसरा कॅन पलंगाखाली ठेवलेला असायचा.

त्या दसऱ्याला ड्रम रिकामा होता. नवा दोन दिवसांनी येणार होता. काउंटरवर मालकांचा थोरला मुलगा होता आणि पुढे गिऱ्हाइकांची गर्दी, सगळे बाप्ये. मी कॅन घेऊन कडेला उभी राहिले. त्याची नजर गेली तेव्हा त्यानं विचारलं, काय मावशी, काकांच्या गाडीला का. मी हो म्हटलं. त्यानं मागून चेपलेले दोन डबे काढले. नव्या गाड्यांचं ऑइल. डबा चेपला की गिऱ्हाईक घेत नाही, ते कामावरच्या माणसांना कमी दरात देतात. तो म्हणाला, घेऊन जा, ट्रकच्या ऑइलपेक्षा दहापट भारी, काकांची गाडी लोण्यासारखी चालेल.

मला सांगायचं होतं की आमच्या गाडीला हे चालत नाही. शब्द तयार होते. जुनी गाडी आहे, जस्ताचं लागतं. एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या बाजूला एक माणूस कोपर टेकून उभा होता, त्याच्या मागे आणखी चार, आणि सगळे मी कधी हलते याची वाट बघत होते. मालकाचा मुलगा माझ्यावर उपकार करत होता. मी डबे घेतले.

दोन दिवस थांबले असते तर चाललं असतं. पण दसरा थांबत नाही. आणि ह्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तुझ्या तोंडात काय बसलंय. हे ते मला नेहमी म्हणायचे. बँकेत, दवाखान्यात, नळावर. मी घराच्या मागे मोरीजवळ बसून दोन्ही डबे दोन कॅनमध्ये ओतले आणि रिकामे डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. तेव्हा मी मनाशी म्हटलं, ऑइल ते ऑइल. मिस्तरी म्हणतात तसं असेलही, पण एका वर्षात काय होतंय.

ह्यांनी ओतताना विचारलं, "पातळ वाटतंय का गं या वेळी?"

मी म्हटलं, नवा ड्रम आहे.

तुळशीचं लग्न झालं आणि सराई सुरू झाली. पहिल्या दहा-बारा लग्नांत काही कळलं नाही. मग एक दिवस हे घरी आले ते बोनेट उघडं टाकून ऐकत उभे राहिले. टिक, टिक, टिक. बायका भिंतीत खिळा ठोकतात तसा बारीक आवाज. ह्यांनी मिस्तरींना फोन केला. ते आले, एक लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावून त्यांनी ऐकलं. मग झाकण काढलं.

दोन शेंडे खाल्ले गेले होते. मला त्यांनी बोट लावून दाखवलं. अंड्याचं टोक झिजून वाटोळं झालेलं.

"वहिनी, ऑइल आपलं नेहमीचंच ना? ट्रकचं?"

मी मान हलवली, हो म्हणून.

ह्यांनी मध्येच सांगितलं, अरे, ती दुकानातच आहे, चुकीचं कशाला आणेल. गाडीचं वय झालं. मिस्तरी म्हणाले, हो, वयच म्हणायचं. इतक्या वर्षांचा कॅम, कधीतरी जाणारच.

तेव्हा मी बोलले असते तर एक कॅम गेला असता, एवढंच. ह्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं असतं. मिस्तरींनी हसून सोडून दिलं असतं. मी पुष्कळदा त्या संध्याकाळचा विचार करते. तेव्हा कोणीही गर्दी करून उभं नव्हतं. दारात आम्ही तिघंच होतो.

नवा कॅम मिळवायला मिस्तरींना चार दिवस लागले. कुठून कुठून फोन करून त्यांनी एका जुन्या दुकानदाराकडचा कोरा कॅम शोधला, कागदात गुंडाळलेला, ग्रीस लावलेला. ह्यांना घेऊन ते आणायला गेले. तो माल खरा होता. ह्यांनी स्वतः कागद सोडला होता.

ज्या दिवशी बसवला त्या दिवशी आमच्या दुकानाला साप्ताहिक सुट्टी होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना सिडकोत एका लग्नाला गाडी न्यायची होती. मिस्तरी सकाळपासून दारात होते. बसवून झालं तेव्हा त्यांनी सांगितलं, नव्या कॅमला पहिला अर्धा तास सगळ्यात जिवाचा असतो. त्या अर्ध्या तासात साय धरली तर जन्मभर टिकतो, नाही धरली तर गेला. जुनं ऑइल सगळं काढलंय, आता ताजं लागेल.

हे म्हणाले, पलंगाखाली कॅन आहे, आण गं.

मी आत गेले. पलंगाखालून कॅन ओढला आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. बाहेरून ह्यांनी हाक मारली. मी उठले. मला वाटत होतं, दारात जाईपर्यंत माझ्या तोंडून निघेल. कॅन खूप जड लागत होता. दारात जाऊन मी तो मिस्तरींच्या हातात दिला.

त्यांनी झाकण उघडलं. बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं.

"वहिनी, हे तेच आहे ना?"

"तेच आहे," मी म्हटलं.

त्या वेळी मी मान हलवली नाही, तोंडानं बोलले. ह्यांना जे नेहमी हवं असायचं, मी बोलावं, ते मी त्या दिवशी केलं. मिस्तरींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कॅन वाकडा केला. मग अर्धा तास ते इंजिन चढं ठेवून उभे होते, घड्याळ बघत. सगळी गल्ली आवाजानं भरून गेली. बंद केल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, झालं, आता हिला म्हातारपण नाही.

महिन्याभरानं दुकानातून ट्रकचं ऑइल आणायचं, ह्यांना काहीतरी कारण सांगून बदलायला लावायचं, असं मी ठरवलं होतं. कारण सापडत नव्हतं. ताजं ऑइल कोण काढून टाकतं? मी रोज सकाळी गाडी सुरू होताना स्वयंपाकघरात भांडं न वाजवता उभी राहायची आणि ऐकायची. आवाज नसायचा. मग एक दिवस तो आवाज आला.

हे म्हणाले, ऐकू येतंय का तुला काही? मी नाही म्हटलं.

गंगापूर रोडच्या बाजूला एक मोठं लग्न होतं. बँड, मागे मोठे स्पीकर, घोडे सुद्धा. मी तिथं नव्हते. जे झालं ते मी फोनमध्ये बघितलं, कारण नाचणाऱ्यांतल्या कोणीतरी ते काढलं आणि ते सगळीकडे फिरलं. गाडी आधी हिसके द्यायला लागली. मग मागून फाटफाट आवाज झाला आणि घोडा बिथरला. मग ती बंद पडली. हे उतरून बोनेट उघडतात, बंद करतात, परत बसतात. नवरदेव फेट्यातून घाम पुसतोय. मग कोणीतरी ओरडतं, धक्का मारा, आणि दहा-बारा जण हसत हसत गाडी ढकलायला लागतात. बँडवाला मुद्दाम त्या चालीवर वाजवतो. आणि त्या सगळ्यांत मागे, डिकीला दोन्ही हात लावून, मान खाली घालून आमचे हे ढकलताहेत. शेवटी नवरदेवाला उतरवून कोणाच्या तरी नव्या गाडीत बसवलं. तिथं ती फीत संपते.

लोकांना ती फार आवडली. दुकानात एकानं मला दाखवली. त्याला माहीत नव्हतं ती आमची गाडी आहे. मी हसल्यासारखं केलं.

त्या आठवड्यात ह्यांची पुढची सगळी लग्नं गेली. बँडवाल्यानं फोन करून सांगितलं की पार्ट्या नको म्हणताहेत. लग्नात बंद पडलेली गाडी कोणी घेत नाही, अपशकुन मानतात.

हे मिस्तरींच्या शेडवर गेले. मीही मागून गेले, कारण ह्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली. मिस्तरींनी गाडी टोचन लावून आणवली होती आणि झाकण उघडून ठेवलं होतं. शेंडे पुन्हा वाटोळे झालेले. नवा कॅम, तीन महिनेही झाले नव्हते. हे म्हणाले, डुप्लिकेट लावलास. मिस्तरी म्हणाले, कागद तू सोडलास. हे म्हणाले, कागद कशालाही गुंडाळता येतो, तू आणि तो दुकानदार एक. मिस्तरींनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तीस वर्षांत तू मला असं कधी बोलला नाहीस."

"तीस वर्षांत मी गाडी ढकलली नव्हती," हे म्हणाले.

मिस्तरींनी माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. मी शेडच्या पत्र्याला टेकून उभी होते आणि पत्रा तापलेला होता, एवढं मला आठवतं.

हे तिथंच थांबले असते तरी बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून हे बँडवाल्याच्या दुकानासमोर जाऊन बसायला लागले. गाडी नव्हती, तरी बसायचे. आणि येईल त्याला सांगायचे की मिस्तरी डुप्लिकेट माल घालतो, खऱ्याचं सांगून. दुसऱ्या ड्रायव्हरांनाही आपापल्या गाडीची जुनी दुखणी आठवायला लागली. एकाचा क्लच, एकाचा वॉटर पंप. नवरदेवाच्या गाड्या एकेक करून अंबडकडच्या एका गॅरेजला जायला लागल्या. तिथल्या मुलांना जुनी इंजिनं येत नव्हती, पण ते बोलायचे गोड.

महिनाभरानं मी मिस्तरींकडे गेले. कामावरून सुटल्यावर, एकटी. शेडमध्ये एकच गाडी होती आणि तिच्यावर धूळ होती. ते लाकडी खोक्यावर बसून पाने पुसत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. ड्रम रिकामा होता तिथपासून पलंगाखालच्या कॅनपर्यंत. मी आयुष्यात कोणाशी एवढं सलग बोलले नव्हते.

ते ऐकून घेईपर्यंत पुसत राहिले.

"मी तुम्हाला दोनदा विचारलं, वहिनी."

"हो."

"बोटाला कळलं होतं माझ्या. पण म्हटलं, वहिनी ऑइलच्या दुकानात आहेत, त्यांना काय विचारायचं तिसऱ्यांदा."

मी रडत होते. त्यांनी पाणी दिलं नाही, बसा म्हटलं नाही. ते बरोबरच होतं. मी म्हटलं, माफ करा. ते म्हणाले, मला सांगून काय उपयोग. माझा कॅम चांगला होता हे मला माहीतच आहे. जिथं माझं नाव गेलं तिथं सांगा. मी विचारलं, तुम्ही याल का बरोबर. ते म्हणाले, मी आलो तर म्हणतील, ह्यानंच आणली. तुम्ही एकट्या जा.

मी तीन दिवसांनी गेले. आधीचे दोन दिवस बँडवाल्याच्या चौकापर्यंत जाऊन परत आले होते. दुपार होती. बँडवाल्याच्या दुकानासमोर पाच-सहा ड्रायव्हर खुर्च्या टाकून बसले होते, बँडमास्तर दारात उभे राहून पेटी पुसत होते, आणि आमचे हे एका टोकाला बिडी ओढत होते. मला बघून ते उठले.

"काय गं, किल्ली विसरली का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघूनच बोलायला लागले, नाही तर बोलता आलं नसतं. मी रस्ताभर घोकलं होतं. मिस्तरींचा माल खरा होता. ऑइल मी चुकीचं आणलं. नव्या गाड्यांचं. त्यात जस्त कमी असतं. जुन्या इंजिनात कॅम टॅपेटवर घासतो, जस्ताची साय नसली की शेंडा खाल्ला जातो, आणि वरातीत गाडी उभी चालते त्यामुळे लवकर खाल्ला जातो. मिस्तरींनी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं.

मग एक ड्रायव्हर, जाडा, ज्याचा क्लच गेला होता तो, हसला.

"वहिनी, मला वीस वर्षं झाली स्टेअरिंग धरून. मला नाय माहीत टॅपेट कुठं घासतं."

"चांगलं पाठ करून घेतलंय," दुसरा म्हणाला. "एक शब्द चुकला नाय."

बँडमास्तर म्हणाले, अहो, ह्या बाई कधी या बसा म्हणून बोलल्या नाहीत, मी दहा वर्षं ओळखतो. आज एकदम कॅम आणि जस्त. मिस्तरीनं बाईमाणसाला पुढं करावं, हे काय बरं नाही.

मी म्हटलं, मी ऑइलच्या दुकानात काम करते.

"झाडायलाच ना?" जाडा म्हणाला. वाईट हेतूनं नाही. खरंच विचारल्यासारखं.

ते सगळे हसले, आणि मला कळलं की मी जितकं नीट सांगितलं होतं तितकं ते खोटं ठरलं होतं. मी अडखळले असते, काहीतरी चुकीचं बोलले असते, नुसतं चुकलं माझं म्हणून रडले असते, तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. चौथी शिकलेल्या बाईच्या तोंडात हे शब्द आले कुठून, याचं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. आणि ते शब्द खरोखरच मिस्तरींचे होते. त्यांनीच मला दिले होते, चहाच्या कपाबरोबर, दर वर्षी थोडे थोडे.

ह्यांनी बिडी टाकली. "घरी जा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते लवकर आले. जेवायला बसले. मी भाकरी वाढली तेव्हा त्यांनी ताटाकडे बघत विचारलं, "कुठल्या डब्यातलं होतं?"

मी सांगितलं. निळ्या. नव्या गाड्यांच्या.

"दोन्ही कॅन?"

"दोन्ही."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. म्हणजे त्यांना पटलं होतं. बाकी कोणाला नाही पटलं, पण ह्यांना पटलं होतं, कारण ओतताना पातळ लागल्याचं त्यांना आठवत असणार. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मग उद्या तुम्ही जाऊन सांगा ना. तुमचं ऐकतील.

"एवढ्या लोकांत मी त्याला चोर म्हणालो," ते म्हणाले. "आता काय सांगू? बायको माझी खोटं बोलली आणि मी गाढव?"

"मग त्यांचं काय?"

"बोललीस ते बोललीस. परत बोलू नको."

ते भाकरी खात राहिले. कोरड्यास वाढू का विचारलं तर मानेनं हो म्हणाले. मी वाढलं.

मी चौकात जे केलं त्यानं मिस्तरींचं उरलेलंही गेलं. डुप्लिकेट माल घालणारा एक वेळ लोक चालवून घेतात, पण दुसऱ्याच्या बायकोला पढवून पाठवणारा नाही. त्यांच्या मिसेसनाही कोणीतरी बोललं. पावसाच्या आधी त्यांनी शेड सोडली आणि सटाण्याला भावाकडे गेले. निघताना ते आमच्याकडे आले नाहीत. त्या शेडमध्ये आता टायरवाला आहे. कामावर जाताना बस तिथूनच जाते.

गाडी आम्ही त्र्यंबक रोडच्या एका हॉटेलवाल्याला दिली. त्यानं आतलं इंजिन काढून भंगारात घातलं आणि ती हिरवळीवर ठेवली, लोकांना फोटो काढायला. हे एका कारखान्याच्या गेटवर बसतात, शिफ्टमध्ये. अंगावरचा निळा शर्ट त्यांना सैल होतो.

मागच्या महिन्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेवाला आणायला तसलीच एक जुनी गाडी होती, आणि मंडपाबाहेर पुरुषांत गाड्यांच्या गोष्टी निघाल्या. मी बायकांबरोबर अक्षता वाटत होते. कोणीतरी विचारलं, तुमची गाडी का काढली हो. ह्यांनी सांगितलं, मिस्तरीनं डुप्लिकेट कॅम लावला, दोस्त होता माझा, तीस वर्षांचा दोस्त. तेच शब्द, त्याच क्रमानं, जसे चौकात सांगायचे तसे. ऐकणाऱ्यांनी मान हलवली, वाईट वाटून. कोणीतरी म्हणालं, आजकाल कोणाचा भरवसा नाही.

सांगता सांगता ह्यांची नजर माझ्याकडे आली आणि लगेच दुसरीकडे गेली. माझ्या हातात अक्षतांचं ताट होतं. मी पुढच्या बाईच्या ओंजळीत अक्षता घातल्या आणि तिच्या पुढच्या बाईकडे गेले.